होमगार्डमधे नाव नोंदवायचंय? मग आधी हे वाचा

बंदोबस्ताला उभं असलं की हमखास एखादं पोरगं जवळ येतं, दादा तुमच्यात भरती कशी व्हायची, पगार किती. दरवेळी पहिलं हेच सांगतो की बाबा ही नोकरी नाहीये. होमगार्ड हे मानसेवी काम आहे, म्हणजे आपली शेती, दुकान, कंपनी जे काय असेल ते सांभाळायचं आणि बोलावणं आलं की खाकी घालून हजर व्हायचं. पगार नसतो, जितके दिवस ड्युटी तितक्या दिवसांचा भत्ता. २०२४ साली तो रोजचा ५७० वरून १०८३ रुपये झाला, त्याने खूप फरक पडला, पण बंदोबस्त नसला की हातात काहीच नाही, त्यामुळे घराचा हप्ता याच्या भरवशावर कुणी काढू नका. आधी दुसरं काहीतरी उत्पन्न असू द्या आणि मग या, मनापासून सांगतोय.

आता फॉर्मचं. जिल्ह्याची नोंदणी निघाली की जाहिरात येते, फॉर्म ऑनलाइन भरायचा. तुम्ही ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत राहता तिथल्याच पथकात अर्ज करता येतो, मित्र शेजारच्या तालुक्यात आहे म्हणून तिकडे भरला तर फुकट जातो. दहावी पास पाहिजे, वय २० ते ५०, उंची पुरुषांना १६२ सेंमी आणि महिलांना १५० सेंमी. पुरुषांची छाती न फुगवता ७६ आणि फुगवून ५ सेंमी वाढली पाहिजे. कागदांमधे आधार, मतदान कार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, शाळा सोडल्याचा दाखला एवढं तयार ठेवा, खाजगी नोकरी असेल तर मालकाचं ना हरकत पत्र लागतं आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. ना हरकत पत्राला उशीर लावू नका, बरीच चांगली पोरं तिथेच अडकतात, साहेबांना आधीच नीट सांगा की गणपती, निवडणूक, यात्रा अशा वेळी सुट्टी लागेल. नोंदणीसाठी पैसे मागणारा कुणी भेटला तर एक रुपया पण देऊ नका.

मग ग्राउंड. पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावायचं आणि गोळाफेक. गोळा पुरुषांना ७.२६० किलोचा, महिलांना ४ किलोचा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना हे सोपं जातं पण तिशी-पस्तिशीच्या माणसाने निदान दोन महिने आधी पळायला लागावं, पहिल्या आठवड्यात नुसतं भरभर चाला, एकदम पळालात तर पोटऱ्या भरून येतात आणि पुढचे चार दिवस वाया. गोळ्याची प्रॅक्टिस खऱ्या गोळ्यानेच करा, गावातल्या शाळेत असतो, सरांना विचारलं की देतात.

नाव लागलं की ट्रेनिंग आणि मग कवायत. कवायत चुकवू नका! नवीन पोरांना वाटतं सावधान विश्रामचा रस्त्यावर काय उपयोग, पण हजार माणसाच्या रेट्यात दोर धरून वीस जणांनी एकाच वेळी एक पाऊल मागे घ्यायचं असतं तेव्हा कळतं.

हे दल तयार कसं झालं ते पण माहीत असू द्या. डिसेंबर १९४६, मुंबईत दंगली चालू होत्या, मोरारजी देसाई प्रांताचे गृहमंत्री होते, तेव्हा पोलिसांच्या जोडीला साध्या नागरिकांचं दल उभं केलं. ६ डिसेंबर हा आपला स्थापना दिवस. पुढे १९४७ चा कायदा आला आणि त्याने ड्युटीवर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण दिलं. पण ते ड्युटीवर असताना, घरी आल्यावर नाही. गल्लीत भांडण झालं म्हणून खाकीचा धाक दाखवायला जाऊ नका, त्याने सगळ्या पथकाचं नाव जातं.

खरं काम म्हणजे काय तर आठ-दहा तास उभं राहणं आणि माणसांशी बोलणं. माझी पहिली मोठी ड्युटी वारीची, लोणंदच्या पुढे तरडगावजवळ चांदोबाचा लिंब म्हणून ठिकाण आहे, माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. रिंगण संपल्यावर एक आजी येऊन उभ्या राहिल्या, तुळस डोक्यावर तशीच, सोबतचे दिसेनात म्हणून ओठ थरथरत होते. मी गावाचं नाव विचारतोय, मोबाइल नंबर विचारतोय, त्या नुसत्या विठ्ठल विठ्ठल करतायत. आमच्यातले जुने एक काका आले, आधी पाणी दिलं, खाली बसवलं आणि एकच प्रश्न विचारला, आई दिंडी रथापुढची का रथामागची? मागची, लगेच उत्तर आलं. आणि नंबर? तो पण पाठ होता. दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, नंबर कळला की माणूस कुठे पोचवायचं ते कळतं. अर्ध्या तासात आजी त्यांच्या लोकांत होत्या, जाताना माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

त्यामुळे जिथे ड्युटी लागेल तिथलं आधी विचारून घ्या, दवाखाना कुठे, पाण्याचा टँकर कुठे, गाड्या कुठून वळवल्यात, कारण लोक साहेबांना नाही तुम्हालाच विचारणार आहेत. खिशात छोटी वही पेन, शिट्टी, बॅटरी, जास्तीचे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत, पावसात ओले मोजे घालून रात्र काढली की पायाची सालं निघतात. नवे बूट थेट बंदोबस्ताला घालू नका, आठवडाभर घरी वापरा. डबा घरूनच न्या, जेवण कधी येईल सांगता येत नाही.

पोलीस भरतीवाल्यांनी अजून एक लक्षात घ्या, ३ वर्षं सेवा पूर्ण केलेल्यांना राज्य पोलीस, वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी नुसतं नाव लावून चालत नाही, म्हणून बोलावणं आलं की जा आणि आपल्या हजेरीची नोंद पथकात झाली का ते त्याच दिवशी बघा.