थीम पार्कमधील राइड कागदावर कशी घडवावी: संकल्पनाचित्रापासून आराखड्यापर्यंत

यात्रेतला आकाशपाळणा सुट्या भागांत ट्रकने येतो, नाशिकच्या कालिका यात्रेत जसा फिरतो तसाच पुढच्या गावीही फिरतो, आणि मैदान बदलले म्हणून त्याला काही बदलावे लागत नाही. थीम पार्कमधील मोठी राइड मात्र एका ठरावीक जागेसाठी आणि एका ठरावीक अनुभवासाठी घडवली जाते, आणि यंत्राचा विचार होण्यापूर्वी बहुतेक वेळा तिचे चित्र काढले जाते. या पहिल्या चित्राला संकल्पनाचित्र म्हणतात. त्यानंतर अभियंते, शिल्पकार, प्रकाशयोजनाकार आणि खर्चाचा हिशेब ठेवणारे लोक त्या चित्रातील बहुतेक गोष्टी बदलतात. चित्रातील कोणती गोष्ट काहीही झाले तरी बदलू द्यायची नाही, हे चित्रकाराने सुरुवातीलाच ठरवलेले असले, तरच शेवटी उभी राहणारी राइड त्या चित्राची राहते. हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते येथे एका काल्पनिक उदाहरणाच्या आधारे सांगितले आहे. कलेच्या, वास्तुकलेच्या किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आणि निव्वळ हौशी वाचकालाही हा अभ्यास घरच्या टेबलावर करता येईल.

पहिली पायरी: अनुभव एका वाक्यात लिहावा

आपण नाशिकची राइड करू आणि विषय गोदावरीचा घेऊ. ही नदी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वरजवळच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि तरीही पाठ फिरवून सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे पाणी अरबी समुद्रावरून ढगांच्या रूपाने येते, सह्याद्रीला अडून वर चढते आणि कोसळते. यावरून आपले वाक्य असे होईल: प्रवाशाने पाण्याच्या थेंबासारखे समुद्रावरून ढगात चढावे, ब्रह्मगिरीवर उतरावे, सोमेश्वरच्या धबधब्यावरून कोसळावे आणि गोदाघाटावरच्या पुरात तरंगत यावे.

वाक्यातील चढणे, उतरणे, कोसळणे आणि तरंगणे या क्रिया शरीराला जाणवणाऱ्या आहेत, हे लक्षात घ्यावे. ‘नाशिकच्या समृद्ध वारशाचे दर्शन घडवणे’ असे वाक्य अनुदानाच्या अर्जात शोभेल, पण त्यातून राइड निघणार नाही, कारण त्यात प्रवाशाच्या शरीराला काहीच काम नाही.

दुसरी पायरी: पुष्कळ चित्रे काढावीत आणि त्यांतील एक निवडावे

सप्टेंबर १९५३ मध्ये हर्ब रायमन या चित्रकाराने वॉल्ट डिस्नी यांच्या सांगण्यावरून शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत डिस्नेलँडचे विहंगम दृश्य रेखाटले, आणि ते घेऊन वॉल्ट यांचे भाऊ रॉय डिस्नी न्यूयॉर्कला भांडवल उभे करायला गेले. त्या चित्रातील काही विभाग कधीच बांधले गेले नाहीत, पण पार्कभोवती फिरणारी आगगाडी, मुख्य रस्ता आणि त्याच्या टोकाला सगळ्या वाटा जिथून फुटतात तो मधला चौक, एवढे कायम राहिले. १७ जुलै १९५५ रोजी उघडलेल्या पार्कमध्ये ते सगळे होते. तपशील बदलले, मांडणी टिकली.

आपल्या राइडसाठी प्रथम कोळशाने किंवा जाड पेन्सिलने लहान लहान रेखाटने करावीत. एका रेखाटनावर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये. दृश्य नेहमी प्रवाशाच्या डोळ्यांनी पाहावे. होडीत बसलेल्या माणसाचे डोळे पाण्यापासून साधारण एक मीटर उंचीवर असतात, म्हणून क्षितिजरेषा तिथेच धरावी. पक्ष्याच्या नजरेने काढलेले देखणे चित्र भांडवलदाराला आवडते, पण त्यावरून प्रवाशाला काय दिसेल ते कळत नाही. प्रत्येक चित्रात निदान एक माणूस काढावा, कारण त्याशिवाय आकाराचा अंदाज येत नाही.

संदर्भासाठी गोदाघाटावर जाऊनच बसावे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांमुळे जलरंगातील निसर्गचित्रणाची मोठी परंपरा या शहराला लाभली आहे, आणि ओल्या पायऱ्यांवरचा प्रकाश छायाचित्रापेक्षा तिथे बसूनच जास्त समजतो. पुराचे दृश्य कसे दाखवावे, याचे उत्तरही घाटावरच आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की छातीला, यावरून पूर किती मोठा हे ठरते. ‘मारुतीच्या छातीपर्यंत पाणी’ हे आपले निवडलेले चित्र ठरवू. वाहून जाणारी दुकाने आणि घाबरलेली माणसे मात्र माझ्या मते दाखवू नयेत. ज्यांच्या घरात खरोखर पाणी शिरले होते, तेच लोक उद्या तिकीट काढून या होडीत बसतील.

तिसरी पायरी: राइडची यंत्रणा ठरवावी

चित्रकाराच्या मनात असलेली यंत्रणा आणि शेवटी बसवली जाणारी यंत्रणा यांत पुष्कळदा अंतर पडते. डिस्नेलँडमधील ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड आधी पायी फिरून पाहायचे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय म्हणून आखली होती. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ या राइडच्या होड्यांतून प्रचंड गर्दी सहज पुढे सरकते असे दिसले, तेव्हा समुद्री चाच्यांनाही होड्या मिळाल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ती राइड सुरू झाली. ‘हाँटेड मॅन्शन’ या भुतांच्या वाड्याचेही तसेच झाले. त्या वाड्याचे बाह्यरूप १९६३ मध्येच उभे राहिले होते, पण आतून पायी फिरण्याची कल्पना गर्दीपुढे टिकली नाही, आणि एकमेकींना जोडलेल्या, न थांबता चालणाऱ्या आणि प्रवाशाला दृश्याच्या बाजूला वळवणाऱ्या गाड्या बसवून ते १९६९ मध्ये खुले झाले. त्या वाड्याची पहिली रेखाटने पडक्या, झाडाझुडपांनी वेढलेल्या घराची होती. वॉल्ट डिस्नी यांना आपल्या नीटनेटक्या पार्कमध्ये पडके घर नको होते, म्हणून तो बाहेरून स्वच्छ ठेवला गेला आणि भुते आत राहिली.

आपल्या वाक्यात तरंगणे आहे, त्यामुळे होडीला पर्याय नाही. निवड दर वेळी इतकी सोपी नसते. यंत्रणेची निदान तीन नावे कागदावर लिहून, आपले निवडलेले चित्र प्रत्येकीतून कसे दिसेल ते रेखाटून पाहावे.

चौथी पायरी: आकडेमोड करावी

चित्रकार हा भाग टाळतात आणि तिथेच त्यांची चित्रे इतरांच्या हाती जातात. यासाठी लागणारे गणित शाळेतले आहे.

समजा, एका होडीत १६ माणसे बसतात आणि दर ४५ सेकंदांनी एक होडी सुटते. तासाला ८० होड्या, म्हणजे १,२८० माणसे. प्रत्येक होडी भरून जात नाही; कुटुंब तिघांचे असते, बाक चौघांचा असतो. म्हणून तीनचतुर्थांश धरले तर ९६० माणसे, म्हणजे मिनिटाला १६. रांगेत ३०० लोक असतील, तर शेवटच्या माणसाला सुमारे १९ मिनिटे उभे राहावे लागेल. यात्रेतल्या पाळण्यापाशी उभे राहून एकेक पाळणा खाली आणून माणसे उतरवायला आणि बसवायला किती वेळ जातो ते घड्याळ लावून पाहिले, तर चढउताराचा वेळ राइडच्या वेळेइतकाच महत्त्वाचा का असतो ते लगेच समजेल.

आता लांबी. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर मानला आणि प्रवास सहा मिनिटांचा ठरवला, तर पाट १८० मीटरचा लागेल आणि त्यावर एका वेळी आठ होड्या असतील. पाट दोन मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल असेल, तर त्यात २१६ घनमीटर, म्हणजे २ लाख १६ हजार लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचे जवळजवळ २२ टँकर झाले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या जिल्ह्यात हे पाणी गाळून पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय पहिल्याच आराखड्यात दाखवावी. शिवाय रात्री पंप बंद केले की वरच्या पातळीचे पाणी खाली उतरते, त्यामुळे खालच्या कुंडात तेवढी जागा मोकळी ठेवावी लागते.

कोसळण्याचा वेगही काढता येतो. उंचीला ९.८ ने आणि मग दोनने गुणून वर्गमूळ घ्यावे. चार मीटरच्या उतारासाठी उत्तर सेकंदाला सुमारे ८.९ मीटर, म्हणजे ताशी ३२ किलोमीटर येते. घर्षणामुळे प्रत्यक्षात ते कमी भरते. कुटुंबाच्या राइडसाठी एवढे पुरेसे आहे.

पाचवी पायरी: जागेची अडचण कथेत वळवावी

होडी जेवढी खाली येते तेवढी तिला कुठेतरी वर चढवावी लागते, हा होडीच्या राइडचा न चुकणारा नियम आहे. आपल्याकडे ब्रह्मगिरीनंतरचा एक मीटरचा छोटा उतार आणि सोमेश्वरचा चार मीटरचा मोठा उतार मिळून पाच मीटर होतात, म्हणून पाच मीटरची चढण हवी. पट्ट्यावरून खडखडत वर जाणारी होडी दिसायला कंटाळवाणी असते, आणि अनेक राइडमध्ये ती प्रवासाच्या शेवटी कशीबशी उरकलेली दिसते. आपल्या कथेत मात्र ढगाची चढण मुळातच आहे. पट्टा २० अंशांच्या कोनात ठेवला तर त्याची लांबी साधारण साडेचौदा मीटर भरते आणि अर्धा मीटर वेगाने तो पार करायला २९ सेकंद लागतात. धुके, वारा, दूरची वीज आणि पट्ट्याच्या खडखडाटावर पडणारा मेघगर्जनेचा आवाज यांसाठी आपल्याकडे एवढाच अर्धा मिनिट आहे. चढणीवर एका वेळी एकच होडी असावी असे ठरवले, तर पुढची होडी येण्यापूर्वी, म्हणजे ४५ सेकंदांच्या आत, ती मोकळी झाली पाहिजे. ढगाचे दृश्य मिनिटभराचे हवे असा चित्रकाराने हट्ट धरला, तर तासाची प्रवासीसंख्या लगेच घसरते.

डिस्नेलँडमध्ये याच प्रकारची अडचण आगगाडीच्या बांधाची होती. राइडच्या मोठ्या इमारती बांधाच्या पलीकडे होत्या आणि प्रवाशांना रुळांखालून न्यायचे होते. ‘पायरेट्स’च्या होड्या त्यासाठी दोन उतारांवरून घसरतात, आणि ‘हाँटेड मॅन्शन’मधील भिंती ताणल्या जाणारी प्रसिद्ध खोली ही प्रत्यक्षात खाली जाणारी लिफ्ट आहे.

सहावी पायरी: प्रसंगचित्रांची मालिका लावावी

पाटाचा नकाशा एका सेंटिमीटरला एक मीटर या प्रमाणात काढून भिंतीवर लावावा आणि प्रत्येक वळणाशी एक छोटे चित्र टाचावे. बारा मीटरचा प्रसंग २४ सेकंदांत संपतो, त्यामुळे लांबलचक संवाद लिहू नयेत. होड्या एकामागून एक येत असल्याने प्रत्येक प्रवासी प्रसंगाच्या वेगळ्याच क्षणी आत शिरतो. संवाद असा असावा की कुठूनही ऐकला तरी कळावा.

सातवी पायरी: मॉडेल करून त्यातून फिरावे

सनबोर्ड आणि थर्माकोलच्या मॉडेलमध्ये मोबाइलचा कॅमेरा प्रवाशाच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून, ठरलेल्या वेगाने सरकवावा. पुढचा प्रसंग आधीच दिसतो का, दिव्याचा खांब उघडा पडतो का, हे चित्रात न दिसणारे दोष इथे सापडतात. त्यापुढे एखादा प्रसंग पूर्ण आकारात पुठ्ठ्याने उभा करावा आणि चाकांच्या खुर्चीत कोणाला तरी बसवून ढकलत न्यावे. ‘पायरेट्स’मधील लिलावाचा प्रसंग गोदामात मांडून वॉल्ट डिस्नी यांना असेच होडीच्या वेगाने फिरवले होते.

आठवी पायरी: हाताचा पल्ला मोजावा

राइडच्या रचनेसाठी ‘एएसटीएम एफ २२९१’ आणि युरोपातील ‘ईएन १३८१४’ यांसारखी मानके आहेत, आणि प्रत्यक्ष बांधणीसाठी पात्र अभियंत्याला पर्याय नाही. चित्रकाराने त्यातील एक गोष्ट तरी आधीच पाळावी: बसलेला प्रवासी हात पसरून जिथपर्यंत पोहोचतो, त्या जागेत काहीही नसावे. होडीवर झुकलेली वडाची पारंबी चित्रात सुंदर दिसते, पण ती मागे सरकवावीच लागते. मागे सरकलेली वस्तू लहान भासते किंवा छत आडवे येते, तेव्हा वरचे भाग प्रमाणाने लहान करत जावे. डिस्नेलँडचा किल्ला अवघा ७७ फूट आहे, पण वर जाताना दगड लहान होत गेल्याने तो पुष्कळ उंच भासतो. ब्रह्मगिरीचा कडाही बंद इमारतीत असाच उभा करावा लागेल.

नववी पायरी: रंग त्याच प्रकाशात पाहावेत

शेवटी आपल्या निवडलेल्या चित्राची खरी परीक्षा होते. पुराची रात्र दाखवायला सगळीकडे निळा प्रकाश टाकला जाईल, आणि शेंदरी रंग निळ्या प्रकाशात जवळजवळ काळा दिसतो. म्हणजे ज्या मारुतीसाठी एवढा खटाटोप केला, तोच अंधारात हरवेल. म्हणून रंग ठरवण्यापूर्वी फळीच्या तुकड्यावर तो लावून अंधाऱ्या खोलीत निळ्या एलईडीखाली पाहावा. मूर्तीवर तिच्या पुरताच एक अरुंद, पिवळसर झोत सोडावा आणि पाण्याची रेषा छातीवर स्पष्ट दिसेल इतकाच तो खाली आणावा. त्या दिव्याची जागा नकाशावर दाखवावी, आणि एक मीटर उंचीवरून पाहताना तो दिवा स्वतः दिसत नाही ना, हे पुन्हा मॉडेलमध्ये कॅमेरा सरकवून तपासावे.