जपानला जाताय? या चुका टाळा

जपानला निघणाऱ्यांना भलत्याच गोष्टीची धास्ती असते. भाषा येत नाही, हरवलो तर? भाषेचं निभतं. स्टेशनांची नावं रोमन लिपीतही लिहिलेली असतात आणि जवळच्या ‘कोबान’मध्ये, म्हणजे पोलीस चौकीत, रस्ता विचारता येतो. फजिती होते ती घरी बसून केलेल्या हिशेबांमुळे.

उदाहरणार्थ, जेआर पास, म्हणजे जपानच्या जेआर रेल्वेने ठरावीक दिवस हवं तितकं फिरायचं तिकीट. ‘आधी पास काढ’ हा सल्ला आता जुना झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून थेट 50,000 येनवर गेला. टोकियो ते क्योतो शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, एका बाजूला साधारण 14,000 येन लागतात. टोकियो, क्योतो, ओसाका एवढंच करून परतणार असाल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. शिवाय सगळ्यात वेगवान नोझोमी गाडीला पासवर वेगळे पैसे भरावे लागतात ते निराळेच.

शाकाहारी मंडळींची अडचण मोठी. ‘मांस-मासा नको’ एवढं सांगून भागत नाही, कारण मासा ताटात दिसत नाही, रश्श्यात असतो. मिसो सूप, उदोन आणि सोबा या शेवया, अगदी भाजीसुद्धा बहुतेक वेळा ‘दाशी’त शिजते आणि ही दाशी सहसा बोनिटो माशाच्या सुकवलेल्या किसापासून करतात. वाढणाऱ्याच्या लेखी तो पदार्थ बिनमाशाचाच असतो. तो खोटं बोलत नाही. म्हणून ‘माशाची दाशीही चालत नाही’ हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा. क्योतोत किंवा कोयासानला बौद्ध मठांतलं ‘शोजिन र्‍योरी’ जेवण मिळतं. महाग आहे, पण एकदा तरी जेवावं असं. चिवडा, मेतकूट खुशाल न्या. कढीपत्ता, ताज्या मिरच्या, फळं मात्र बॅगेत घालू नका. आपली पाण्याची किटलीही घरीच राहू द्या. तिथे वीज 100 व्होल्टची, त्यामुळे आपली 230 व्होल्टची किटली जेमतेम पाचव्या हिश्शाच्या ताकदीने तापते. मोबाइलचे बहुतेक चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटिमीटरच्या वर गेली तर टोकियो-ओसाका शिंकान्सेनमध्ये ती ठेवायला खास सीट आधी राखावी लागते, नाहीतर 1,000 येन भरा. त्यापेक्षा हॉटेलच्या काउंटरवरून ती कुरियरने पुढच्या गावी पाठवा. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते. या सोयीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

रात्री फिरताना मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची लोकल चुकवू नका, टॅक्सीचा मीटर पाहवत नाही. एटीएमने ‘रुपयांत की येनमध्ये’ विचारलं तर येन निवडा. सुइका कार्डातले, म्हणजे आधी पैसे भरून प्रवासाला वापरायच्या कार्डातले, पैसे संपून स्टेशनातून बाहेर पडताना फाटक अडलं तर घाबरू नका. शेजारच्या, भाड्यातला फरक भरायच्या मशीनमध्ये रोख टाका, नाहीतर खिडकीवरच्या माणसाला कार्ड दाखवा.