आधी इयत्ता, मग गुण, मग नाव: कम्पॅरेटर नीट कसा लिहावा

विद्यार्थ्यांची यादी लावायची आहे. इयत्ता चढत्या क्रमाने, एकाच इयत्तेत जास्त गुणवाला वर, गुणही सारखे निघाले तर नावाने. कोडला हात लावण्याआधी हा क्रम आणि प्रत्येक फील्डची दिशा कागदावर लिहून काढा.

कम्पॅरेटर म्हणजे दोन नोंदींपैकी आधी कोणती हे ठरवणारं फंक्शन. त्याला दोन नोंदी मिळतात, अ आणि ब. अ आधी हवा असेल तर ऋण संख्या परत करायची, ब आधी हवा तर धन, बरोबरी असेल तर शून्य. घाईत लिहिलेला कम्पॅरेटर बहुधा असा असतो: अची इयत्ता लहान तर उणे १, अचे गुण जास्त तर उणे १, नाहीतर १. वाचताना खटकत नाही. पण अ नववीत आहे, गुण ८०. ब आठवीत, गुण ७०. पहिली अट लागत नाही, दुसरी लागते, म्हणजे अ आधी. आता नोंदींची अदलाबदल करून विचारा. पहिल्याच अटीत ब आधी! जावा ७ पासूनचं सॉर्टिंग अशा वेळी कधीकधी एक्सेप्शन तरी थ्रो करतं, म्हणजे चूक दाखवून थांबतं; बाकी ठिकाणी यादी गुपचूप चुकते.

म्हणून एका वेळी एकच फील्ड, आणि तिची पूर्ण तुलना. उत्तर शून्य नसेल तर तेच लगेच परत करा, शून्य असेल तरच पुढच्या फील्डकडे वळा. गुण उतरत्या क्रमाने हवेत, तर फक्त त्या तुलनेत अ आणि ब यांच्या जागा बदला.

तुलनेसाठी अच्या आकड्यातून बचा आकडा वजा करून तेच उत्तर परत करण्याचा मोह टाळा. ३२ बिटांच्या पूर्णांकात २१४७४८३६४७ मधून उणे १ वजा केला की जावात उत्तर चक्क ऋण येतं. भाषेचं तयार तुलना-फंक्शन वापरा.

पायथनमध्ये तर कम्पॅरेटरची गरजच क्वचित पडते: की-फंक्शनमधून, म्हणजे प्रत्येक नोंद कशावरून लावायची ते सांगणाऱ्या फंक्शनमधून, इयत्ता, उणे गुण आणि नाव असा टपल (क्रमाने लावलेला मूल्यांचा संच) परत केला की झालं. जावा ८ पासून ‘कम्पॅरिंग’पुढे ‘देनकम्पॅरिंग’ जोडत जाता येतं. फक्त साखळीच्या शेवटी ‘रिव्हर्स्ड’ लावू नका. तो शेवटची फील्ड नाही, तोवरची अख्खी साखळी उलटवतो. यात मी स्वतः एक दुपार घालवली आहे.

तपासताना नेहमीची यादी पुरत नाही. प्रत्येक जोडी उलटसुलट देऊन चिन्ह बदलतं का ते पाहा, आणि एकच नोंद दोन्हीकडे दिली की शून्य येतं का तेही.