सर्जनशील कामाकडे परत कसे यावे

सर्जनशील काम सुरू कसे करावे याविषयी पुष्कळ सांगितले जाते. सुटलेले काम पुन्हा हाती कसे घ्यावे, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. नवी वही, नवे रंग किंवा नवे वाद्य आणण्याचा उत्साह बहुतेकांकडे असतोच. गाडी अडते ती दहा-बारा दिवसांनी, जेव्हा पहिला भर ओसरलेला असतो, केलेले काम स्वतःलाच बेताचे वाटू लागते आणि इतर चार कामे एकदम अंगावर आलेली असतात. त्या दिवशी कामाच्या जागी येऊन बसणे जितके सोपे करून ठेवलेले असेल, तितका सराव टिकण्याचा संभव अधिक. पुढील सूचना लेखन, चित्रकला, संगीत किंवा अशा कोणत्याही उद्योगाला लागू पडतील, आणि परतणे जड जाऊ नये हाच त्या सर्वांमागचा हेतू आहे.

सर्वांत आधी रोजच्या कामाचे माप ठरवावे, आणि ते उत्साहाच्या दिवसावरून नव्हे तर थकलेल्या दिवसावरून ठरवावे. दोन तासांचा संकल्प ऐकायला भारदस्त वाटतो, परंतु तो मोडला की दुसऱ्या दिवशी कामाबरोबर अपराधाची भावनाही समोर येऊन बसते. वीस मिनिटे, एक परिच्छेद, एक रेखाटन किंवा एका तानेचा घोटून रियाज एवढे माप पुरेसे असते. त्याहून अधिक झाले तर उत्तमच, पण ते उद्याच्या खात्यात जमा धरू नये. वेळ घड्याळावर बांधण्यापेक्षा रोज न चुकता घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडलेली बरी: सकाळी उठून तोंड धुतल्यावर, किंवा रात्री घरातले दिवे मालवण्याआधी. साधने मांडलेलीच असावीत. पेटी उघडा, टेबल रिकामे करा, संगणक सुरू करून जुनी फाइल शोधा, अशा चार पायऱ्या चढून जेथे पोहोचावे लागते, तेथे थकलेला माणूस जात नाही.

सवय २१ दिवसांत जडते असे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांच्या साध्या दैनंदिन सवयींचा १२ आठवडे मागोवा घेतला, तेव्हा कृती आपोआप होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. व्यक्तीव्यक्तींमधील अंतर तर, नोंदींवरून पुढचा अंदाज बांधता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत निघाले. मला यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत लक्षणीय फरक पडला नाही. त्यामुळे खंड पडू न देण्याचा हट्ट धरण्यापेक्षा सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत, हा नियम अधिक व्यवहार्य ठरतो.

नियमित लेखनाचे उदाहरण म्हणून इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप यांचे नाव नेहमी घेतले जाते. टपाल खात्यातील नोकरी सांभाळून ते पहाटे साडेपाचला लिहायला बसत, समोर घड्याळ ठेवीत आणि दर पाव तासाला २५० शब्द लिहिण्याची स्वतःकडून अपेक्षा करीत. त्यांच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. ही २५० शब्दांची गोष्ट सगळे सांगतात. परंतु पहिला अर्धा तास ते आदल्या दिवशीचे लेखन वाचण्यात घालवीत, हे सहसा सांगितले जात नाही. माझ्या मते खरी युक्ती तीच आहे. कोरा कागद अंगावर येतो, कारण त्याला मागचा संदर्भ नसतो. आदल्या दिवशीचा मजकूर वाचता वाचता वाक्यांची लय कानात परत येते आणि आपण नकळत पुढचे वाक्य लिहू लागतो. चित्रकाराने अपुऱ्या चित्रासमोर पाच मिनिटे नुसते उभे राहावे, गायकाने कालच्या रियाजाचे ध्वनिमुद्रण एकदा ऐकावे; काम तेच होते.

आजचे काम कोठे थांबवले यावर उद्याचा आरंभ बराचसा अवलंबून असतो. सुचेनासे झाल्यावर उठणे स्वाभाविक असले, तरी त्यामुळे दुसऱ्या दिवशी नेमके त्याच अडलेल्या जागी परतावे लागते. पुढे काय होणार हे ठाऊक असतानाच थांबावे, असा अमेरिकी कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे यांचा परिपाठ होता. तो अनुसरणे सुरुवातीला जिवावर येते, कारण हात चालत असताना उठणे म्हणजे वाढलेल्या ताटावरून उठण्यासारखे वाटते. तरीही आठवडाभर करून पाहावे. त्याला एक जोड द्यावी: उठण्यापूर्वी कागदावर तारीख घालून, उद्या बसल्यावर पहिली कृती कोणती करायची, ती एका ओळीत लिहून ठेवावी. ही ओळ अगदी ठोस असावी. ‘कथा पुढे नेणे’ असे लिहून काही साधत नाही; ‘ती दार उघडते तेव्हा खोलीत कोण आहे ते लिहिणे’ असे लिहिले तर बसल्या बसल्या काम सुरू होते. चित्र असेल तर ‘डाव्या कोपऱ्यातील सावली एक छटा गडद करणे’, संगीत असेल तर ‘तिसऱ्या ओळीपासून, निम्म्या लयीत’. या कागदाला मी खुणेचा कागद म्हणतो.

टिपणवहीचे काम याहून वेगळे आहे. तिच्यात उद्याची कृती नव्हे, तर केव्हातरी उपयोगी पडेल असे सारे येते: कानावर पडलेले एखादे वाक्य, दोन रंगांची विचित्र जोडी, अर्धवट चाल, न पटलेला विचार. बेथोवनजवळ फिरताना खिशात ठेवण्याच्या लहान वह्या असत आणि घरात मेजावर वापरण्याच्या मोठ्या वह्या वेगळ्या असत. बाहेर सुचलेले कल्पनाबीज त्या मोठ्या वह्यांमध्ये पुनःपुन्हा घडवले जाई. चार्ल्स डार्विन यांनी प्रजाती कशा बदलतात यासंबंधीची पहिली वही १८३७ मध्ये उघडली आणि त्यांचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या २२ वर्षांत त्यांनी इतर पुष्कळ कामे केली, पण विचाराला परत येण्यासाठी जागा राखून ठेवलेली होती. वही सुबक असण्याची गरज नाही. रंगीत खुणा, विभाग आणि अनुक्रमणिका यांत रमणे हा काम टाळण्याचा अतिशय सोज्वळ प्रकार आहे. तारीख घालावी, एकाच ठिकाणी लिहावे आणि आठवड्यातून एकदा मागची पाने चाळावीत. हे चाळणे वगळले तर वहीची अडगळ होते.

आता अडण्याविषयी. काम अडले की विश्रांती घ्यावी, हा सल्ला अर्धाच खरा आहे. इंग्रज विचारवंत ग्रॅहम वॉलास यांनी १९२६ मध्ये सर्जनाच्या चार अवस्था मांडल्या: तयारी, मनात मुरणे, अचानक उमगणे आणि पडताळा. त्यांचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे, कारण जे मनात घातलेच नाही ते मुरणार कसे? गणितज्ञ आंरी प्वँकारे यांना सहलीच्या बसच्या पायरीवर पाऊल ठेवताच एका मोठ्या प्रश्नाची दिशा उमगली, ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. परंतु त्याआधी त्यांनी त्या विषयावर पंधरा दिवस रोज बैठक मारून झटापट केली होती आणि उमगल्यानंतर परतून पडताळाही केला होता. तेव्हा विश्रांतीला उठण्यापूर्वी अडचण एका वाक्यात, प्रश्नाच्या रूपात लिहून ठेवावी. प्रश्न लिहिताच येत नसेल, तर तयारी कमी पडली आहे असे समजावे आणि उठू नये.

उठल्यावर चालायला जाणे सर्वांत उत्तम. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, चालताना माणसांना बसल्यापेक्षा सरासरी सुमारे ६० टक्के अधिक नव्या कल्पना सुचल्या. बंद खोलीत, कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालणाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. मात्र ज्या कोड्यांना एकच अचूक उत्तर होते, तेथे चालण्याचा उपयोग झाला नाही. म्हणून अनेक वाटा शोधायच्या असतील तेव्हा चालावे, आणि नेमका शब्द किंवा नेमके माप हवे असेल तेव्हा खुर्चीवरच बसावे. मोबाइल पाहत चालणे यात मोडत नाही.

काहीच सुचत नाही असे वाटण्याचे कारण पुष्कळदा विषय नसणे हे नसून, हवा तो विषय घेता येणे हे असते. अशा वेळी स्वतःला कुंपण घालून घ्यावे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची सुमारे २५ चित्रे रंगवली. विषय जवळपास हललाच नाही, बदलत राहिला तो प्रकाश. महिनाभर एकच खिडकी रेखाटावी, तीनच रंग वापरावेत, प्रत्येक नोंद पाच वाक्यांतच संपवावी. कुंपण असले की आज काय करायचे हा प्रश्न उरत नाही.

घडवणे आणि पारखणे या दोन क्रिया एकाच बैठकीत करू नयेत. कच्चा खर्डा लिहिताना मागे जाऊन शब्द बदलत बसले, तर हात आखडतो; पारखण्यासाठी निदान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी. चुकलेले लगेच फाडूनही टाकू नये. रवींद्रनाथ टागोर आपल्या हस्तलिखितांतील खोडलेले शब्द रेषांनी जोडून त्यांतून आकृती काढीत. त्या खाडाखोडीतून त्यांची चित्रकला वाढली आणि १९३० मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षाच्या सुमारास, पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले.

काम इतरांना दाखवावे, पण थोडे थांबून. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, चित्रे काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्या लहान मुलांना आधीच सांगितले होते, ती मुले पुढे आपणहून चित्रे काढण्यात कमी वेळ घालवू लागली; ज्यांना बक्षीस अनपेक्षितपणे मिळाले, त्यांची गोडी घटली नाही. सराव कोवळा असताना दाद मोजण्याची सवय लागली, तर दाद न मिळालेल्या दिवशी परत यायला कारणच उरत नाही. पहिल्या टप्प्यात एकच वाचक किंवा एकच श्रोता निवडावा आणि ‘कसे वाटले?’ असे मोघम विचारण्याऐवजी ‘कोठे लक्ष उडाले?’ असे विचारावे. या प्रश्नाला भिडस्त माणूसही खरे उत्तर देतो.

आणि तरीही मोठा खंड पडतो. आजारपण येते, नोकरी बदलते, घरात कोणाची शुश्रूषा करावी लागते, किंवा काहीच न घडता तीन महिने निघून जातात. परतताना पहिली चूक होते ती थकबाकी भरून काढण्याची. इतके दिवस वाया गेले म्हणून रोज तीन तास, असा हिशेब मांडला की चौथ्या दिवशी पुन्हा खंड पडतो. माप पूर्वीच्या निम्म्यावर आणावे. पहिले दोन-तीन दिवस नवे काही करूच नये: टिपणवही शेवटापासून मागे वाचावी, आवडत्या कलाकृतीचा एखादा भाग हाताने उतरवून काढावा, जुनी बंदिश सावकाश म्हणावी. हात आणि कान जागे होईपर्यंत डोक्याला मध्ये घेऊ नये. त्यानंतर अर्धवट राहिलेले काम उघडावे. ते परक्याचे वाटेल, आणि हा लाभच आहे, कारण त्यातला फापटपसारा आता स्वच्छ दिसतो. काय ठेवावे आणि काय काढावे याच्या खुणा तेवढ्या समासात कराव्यात, दुरुस्ती करू नये. मग खुणेचा जुना कागद शोधून वाचावा. तो आता निरर्थक वाटला तर त्याच्याखाली उद्याची नवी ओळ लिहावी, तारीख घालावी आणि उठावे.