प्रौढ दिव्यांगांच्या केंद्रासाठी देणगी कशी मागावी

विशेष शाळेतल्या लहान मुलांसाठी वह्या, गणवेश किंवा खाऊ मागितला, तर नाशिककर हात आखडता घेत नाहीत. तेच मूल पस्तिशीचे झाले, त्याच्या केसांत पांढरे डोकावू लागले आणि आईवडील सत्तरीपुढे गेले, की देणारे हात कमी होतात. शाळा साधारण अठराव्या वर्षी सुटते आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांसाठी कार्यशाळा, दिवसभराचे केंद्र किंवा निवासी गृह लागते. म्हणून हा निधी उभारताना मनाशी एक पक्के करावे, की आपल्याला दरमहाचा चालू खर्च भागवायचा आहे. वस्तू आणि एकरकमी धनादेश त्यानंतर.

प्रथम त्या खर्चाचा कागद तयार करावा. समजा, केंद्रात २० जण येतात आणि सांभाळणाऱ्या ताई-मावशींचे पगार, फिजिओथेरपिस्टचे मानधन, भाडे, जेवण, वीजबिल व गाडीचे डिझेल मिळून महिन्याला १,६०,००० रुपये लागतात. म्हणजे माणशी ८,०००, आणि कामाचे २५ दिवस धरले तर एका व्यक्तीच्या एका दिवसाचे ३२० रुपये. हा आकडा देणगीदाराला लगेच कळतो. ‘सढळ हाताने मदत करा’ यातून त्याला काहीच कळत नाही. पालकांकडून प्रत्येकी १,००० घेतले तर २०,००० जमतात, दरमहा ५०० देणारे २०० जण मिळाले तर १ लाख, आणि उरलेले ४०,००० विक्रीतून, प्रासंगिक देणग्यांतून व कंपन्यांकडून आणायचे. २०० हा आकडा ऐकून विश्वस्त बिचकतात, परंतु २० पालक व ७ विश्वस्तांनी प्रत्येकी ८ जण आणले तरी तो ओलांडला जातो.

कागदपत्रांत हयगय नको. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असावी. नोंदणी नसेल, तर स्वतः वर्गणी गोळा करण्याऐवजी नोंदणीकृत न्यासाचा उपक्रम म्हणून काम सुरू करणे शहाणपणाचे. करसवलतीची, म्हणजे सगळे जिला ‘८०जी’ म्हणतात ती, मान्यता असल्याशिवाय पावतीवर तसे छापू नये. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर दात्याला सवलत मिळत नाही, हे त्याला आधीच सांगावे, नाहीतर मार्चअखेरीस त्याचा सीए आपल्याला फोन करतो. पावतीवर पॅन व पूर्ण पत्ता त्याच वेळी लिहून घ्यावा. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. खजिनदाराच्या खात्याचा ‘तात्पुरता’ कोडही लावू नये.

प्रसंग साधणे हे खरे कौशल्य आहे. आमच्याकडे एका सर्वपित्री अमावास्येला तीन घरांतून खीर-पुरीचे डबे आले, आणि त्याच आठवड्यात प्रौढांचे डायपर संपले होते. डबे परत करणे कोणालाच जमले नाही. तेव्हापासून आम्ही तिथींची वही ठेवतो: ज्याला वाढदिवस, वर्षश्राद्ध किंवा लग्नाचा वाढदिवस केंद्रात साजरा करायचा असेल, त्याने केंद्राचा पूर्ण दिवस, म्हणजे वरच्या हिशेबाने ६,४०० रुपये, नोंदवावा, त्या दिवशी दारातल्या फळ्यावर त्याच्या कुटुंबाचे नाव लिहिले जाते आणि पुढच्या वर्षी पंधरा दिवस आधी आम्ही स्वतःहून आठवण करतो. गोड पदार्थ आणायचा असेल तर तो याशिवाय. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांकडे मात्र माल निघून पैसे हाती आल्यावरच जावे. छाटणीच्या आणि फवारणीच्या दिवसांत गेलो तर चहा मिळतो, देणगी मिळत नाही.

दिवाळीआधीचा विक्रीचा टेबल कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत लावावा. तिथे पणत्या रंगवणाऱ्यालाच बसवावे. आमच्याकडचा एक चाळिशीचा गृहस्थ प्रत्येक पणती पाण्याच्या वाटीत बुडवून, गळत नाही याची खात्री करून मगच गिऱ्हाईकाच्या हातात देतो; यात वेळ जातो, रांग लागते, पण घाईत असलेली माणसेही थांबून पाहतात. मालाची किंमत बाजाराइतकीच ठेवावी. दयेपोटी महाग घेतलेली पणती पुढच्या वर्षी कोणी घेत नाही.

सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतील ज्या कंपन्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये बसतात, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या आहेत, त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते; यालाच ‘सीएसआर’ म्हणतात. त्यासाठी संस्थेने केंद्र सरकारकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांक घ्यावा आणि प्रस्ताव आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. कंपन्यांना फीत कापता येईल अशी वस्तू देणे आवडते. गाडी देऊ केली, तर तिच्या चालकाचा तीन वर्षांचा पगार आणि विमाही त्याच प्रस्तावात मागावा. नाहीतर गाडी आवारात उभी राहते.

परदेशातल्या नातेवाइकांच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने वैयक्तिक बचतीतून दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. पण तीच व्यक्ती अमेरिकेची नागरिक झाली असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असूनही ती परकीय देणगी ठरते आणि परकीय देणगी कायद्याखालील नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही.

आवाहनाच्या पत्रकात ‘आमची ही मुले’ असे लिहू नये; ती माणसे मोठी आहेत. छायाचित्र छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत विचारावे, चित्र दाखवावे, आणि तिने मान हलवून नाही म्हटले तर पालकांची सही असली तरी ते वापरू नये. दात्याच्या हातून घास भरवतानाचे छायाचित्र आम्ही काढू देत नाही, आणि त्यामुळे एक-दोन देणग्या गेल्या हेही खरे.

पैसे आल्यावर आठवड्याच्या आत पावती पोहोचवावी. दर तीन महिन्यांनी एका पानाचा हिशेब सर्व मासिक देणगीदारांना पाठवावा, त्यात तूट आली असेल तर तीही लिहावी. हप्ता दोन महिने आला नाही तर संदेश न पाठवता फोन करावा. बहुधा बँकेचे कार्ड बदललेले असते.