कसरतपटू पात्राने फासा नेमका कशासाठी टाकावा

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळात, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन आणि फासा टाकून यश ठरवण्याच्या खेळात, दोरीवर चालणारे किंवा कोलांट्या घेणारे पात्र उभे करताना अनेक खेळाडू अ‍ॅक्रोबॅटिक्स हे कौशल्य घेतात आणि तेवढ्यावर थांबतात. कसरतीच्या खेळात मात्र दोन वेगळे प्रश्न असतात: तोल राहिला का, आणि पाहणारे रंगले का.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीत पहिला प्रश्न चपळाईवर आधारलेले अ‍ॅक्रोबॅटिक्स सोडवते, तर दुसरा व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर आधारलेले परफॉर्मन्स. भिंत चढणे किंवा लांब उडी मारणे ही ताकदीची कामे असल्याने ती अ‍ॅथलेटिक्सकडे जातात. २०१४च्या नियमपुस्तकातील एंटरटेनर ही पार्श्वभूमी (पात्राचा पूर्वीचा व्यवसाय) अ‍ॅक्रोबॅटिक्स आणि परफॉर्मन्स या दोन्हींत प्रावीण्य देते, म्हणून नव्या खेळाडूने तीच निवडावी.

खरी अडचण गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, दोन्ही रोल (फासा टाकणे) मागतो तेव्हा येते. पहिल्या पातळीवरच्या पात्राची चपळाई १६ (तिचे ३) आणि प्रभाव १२ (त्याचा १) असेल, तर प्रावीण्याचे २ मिळवून वीस बाजूंच्या फाशावरील आकड्यात अनुक्रमे ५ आणि ३ अशी भर पडते. काठिण्य, म्हणजे यशासाठी गाठायची बेरीज, १५ ठेवल्यास पहिला रोल ५५ टक्के वेळा आणि दुसरा ४५ टक्के वेळा यशस्वी होतो, पण दोन्ही एकदम साधण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के उरते. ज्याचे पोटच कसरतीवर चालते ते पात्र चारांपैकी तीन वेळा फसावे, हे मला अन्यायाचे वाटते.

म्हणून दोन्ही अपयशांचे परिणाम वेगळे आणि खरोखर महत्त्वाचे असतील तेव्हाच दोन रोल मागावेत. समजा, साथीदार कोठारात शिरेपर्यंत पहारेकऱ्यांना गुंतवून ठेवायचे आहे. दोरी कमरेएवढ्या उंचीवर असेल तर केवळ परफॉर्मन्स पुरेसे आहे, आणि तो रोल फसला तर पात्र पडत नाही, पहारेकऱ्याची नजर पुन्हा दाराकडे वळते. दोरी तीस फुटांवर असेल तर पडल्यास सहा बाजूंच्या तीन फाशांइतकी इजा होते. तेव्हा दोन्ही रोल योग्य ठरतात, मात्र हा धोका आधी सांगावा.

एकाच रोलमध्ये भागवायचे असेल तर २०१४च्या त्याच नियमपुस्तकातील ऐच्छिक नियमानुसार परफॉर्मन्सला चपळाई जोडता येते. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तर अ‍ॅक्रोबॅटिक परफॉर्मर नावाचे फीटच (पात्राला निवडता येणारी खास क्षमता) आहे: ते घेतल्यावर खेळ सादर करताना परफॉर्मन्सऐवजी अ‍ॅक्रोबॅटिक्सचा रोल करता येतो, आणि दोन्ही कौशल्यांचे प्रशिक्षण असल्यास त्यात १ची भर पडते.

मराठीत खेळणाऱ्यांजवळ वर्णनासाठी मल्लखांबाची समृद्ध भाषा आहे. “मी कसरत करतो” असे म्हणण्याऐवजी खेळाडूने अढी कशी घातली, पकड कुठे सोडली, कोणाकडे पाहत उडी घेतली, हे दोन वाक्यांत सांगावे, कारण त्यावरूनच कोणता रोल मागायचा हे गेम मास्टरला ठरवता येते. फासा पडल्यावर यशाचे वर्णन खेळाडूकडे सोपवावे.