बेसबॉल टीमसोबत ट्रेनर व्हायचंय? आधी अ‍ॅडम ग्रीनबर्गची केस वाचा

बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री) झालंय आणि अमेरिकेत स्पोर्ट्सच्या साइडला यायचंय, असं विचारणारे बरेच जण असतात. परीक्षा, लायसन्स वगैरे खाली सांगतोच, पण आधी कामाबद्दल बोलू, कारण आपल्याकडे डोक्यात असतं की स्पोर्ट्स फिजिओ म्हणजे प्लेअर पडला की बॅग घेऊन मैदानात पळणारा माणूस. ते काम दहा मिनिटांचं असतं. खरं काम पुढचे कित्येक महिने चालतं आणि ते कुणाला दिसत नाही.

इथे कॉलेज टीमसोबत काम करताना नवीन इंटर्न आला की मी त्याला ग्रीनबर्गची केस सांगतो. कनेटिकटचा मुलगा, नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीत खेळला, 2002 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवीन प्लेअर निवडतात तो) शिकागो कब्स टीमने नवव्या राउंडला घेतला. मग मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, तीन वर्षं घासल्यावर 9 जुलै 2005 ला फ्लोरिडा मार्लिन्सविरुद्ध नवव्या इनिंगमध्ये मेजर लीगमध्ये (सगळ्यात वरच्या लीगमध्ये) पहिल्यांदा बॅटिंगला आला, वय 24. समोर पिचर (बॉल टाकणारा) व्हॅलेरियो दे लोस सांतोस. पहिलाच बॉल, ताशी 92 मैल म्हणजे साधारण 148 किलोमीटर, थेट उजव्या कानामागे हेल्मेटच्या कडेला. त्याच्या जागी धावायला दुसऱ्याला पाठवलं आणि कब्सकडून त्याची मेजर लीग तिथेच संपली!

आता आपल्या कामाचा भाग. तो नंतर परत खेळायला लागला, पण चक्कर थांबेना, डोकं हललं की सगळं फिरायचं, नजरेचाही त्रास सुरू झाला. कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला धक्का) तर होतंच, शिवाय पोझिशनल व्हर्टिगो निघाला, म्हणजे कानाच्या आतले बारीक कण जागेवरून सरकतात आणि डोक्याची पोझिशन बदलली की मेंदूला चुकीचा सिग्नल जातो. अशा अवस्थेत नव्वदच्या स्पीडचा बॉल कसा दिसणार? मायनर लीगमध्ये अ‍ॅव्हरेज पार घसरलं आणि 2006 मध्ये कब्सने सोडून दिलं.

तेव्हा कन्कशनसाठी जखमी प्लेअर्सची वेगळी लिस्टच नव्हती, प्लेअर बाहेर बसवायचा तर 15 दिवसांच्या लिस्टवर टाका नाहीतर खेळवा. सात दिवसांची कन्कशन लिस्ट 2011 मध्ये आली.

म्हणून माझी पद्धत सांगतो. "कसं वाटतंय?" असं विचारूच नका, उत्तर कायम "फाइन" येणार, कारण जागा गेली की गेली हे त्या पोराला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यापेक्षा त्याला वाकून बुटाची लेस बांधायला सांगा आणि उठताना चेहरा बघा, हात भिंतीकडे जातो का बघा. शंका आली तर टेबलवर बसवून मान 45 अंश वळवायची आणि पटकन मागे झोपवायचं, डोकं टेबलच्या कडेबाहेर थोडं खाली, आणि डोळे थरथरतात का पाहायचं (मानेला इजा नाही याची खात्री करूनच). आणि स्कॅन नॉर्मल आला म्हणून कुणी खूश झालं तर होऊ द्या, तुम्ही होऊ नका, साध्या कन्कशनमध्ये स्कॅन बहुतेक वेळा नॉर्मलच येतो.

ग्रीनबर्ग पुढे छोट्या इंडिपेंडंट लीगमध्ये खेळत राहिला, 2011 मध्ये तिथे तोच दे लोस सांतोस समोर आला आणि ग्रीनबर्गने त्याच्या बॉलवर सिंगल (पहिल्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला. मग लोकांनी मोहीम चालवून त्याला मेजर लीगमध्ये अजून एक संधी मिळवून दिली, 2 ऑक्टोबर 2012, एका दिवसाचं कॉन्ट्रॅक्ट, आणि तेही मार्लिन्सकडूनच. पिचर होता आर. ए. डिकी, त्या सीझनचा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) विनर. तीन बॉल टाकले, तिन्ही स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजले जाणारे, तीन झाले की आउट), आउट. सगळे याला गोड शेवट म्हणतात, मला नाही पटत बुवा, मला मधली सात वर्षं दिसतात.

बरं, आता कागदपत्रांचं. रस्ते दोन. फिजिकल थेरपिस्ट (म्हणजे आपला फिजिओ) म्हणून यायचं तर भारतातल्या डिग्रीचं इव्हॅल्युएशन, मग एनपीटीई (फिजिकल थेरपिस्टची राष्ट्रीय परीक्षा), मग त्या त्या राज्याचं लायसन्स. इव्हॅल्युएशनमध्ये काही विषय कमी भरले तर ते इथे येऊन पूर्ण करावे लागतात, त्यामुळे कॉलेजकडून सिलॅबसची सही-शिक्क्याची कॉपी निघायच्या आधीच घ्या, नंतर इथून फोन करून मागवताना जीव जातो. दुसरा रस्ता अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगचा (टीमच्या प्लेअर्सच्या इजा सांभाळण्याचा), मान्यताप्राप्त मास्टर्स करायचं आणि बीओसी (या कामाच्या सर्टिफिकेटची) परीक्षा द्यायची. टीमसोबत रोज मैदानावर राहायचं असेल तर मी दुसराच सांगेन, पैसे मात्र पहिल्यात जास्त.

आणि येण्याआधी बेसबॉलचं स्कोअरकार्ड भरायला शिका. पिचरने किती बॉल टाकले आणि मध्ये किती दिवस विश्रांती मिळाली हे तुम्हालाच बघायचंय, आणि क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला सुरुवातीला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही.